मेंढीकोटचं अ‍ॅप: सरावाचे पाठ संपले, स्वतःचा डाव मांडताना अडलेय

सुदामानगर | धागा सुरू, रविवार रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. बी.कॉम. झालंय, दिवसा एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि गेले सात महिने रात्री साडेनऊ ते अकरा कोटलिन (अँड्रॉइड अ‍ॅप लिहायची भाषा) शिकतेय. आधी शहरातल्या एका क्लासची फी भरली होती. तिथे दोन महिने नुसत्या स्लाइड बघितल्या, की-बोर्डला हात लावायची वेळच आली नाही. तो सोडला आणि गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा फुकटचा कोर्स धरला. वाढदिवसाचं कार्ड, डाइस रोलर, लेमोनेड, टिप कॅल्क्युलेटर, अनस्क्रॅम्बल, सगळे सराव हाताने टाइप करून केले, कॉपी-पेस्ट नाही.

आता मेंढीकोटचं अ‍ॅप करायचंय. कारण घरचंच आहे. माझ्या आजीचा रामबागेतला चौघींचा डाव तीसेक वर्षं चालला. दुपारी दोनला चहा आणि मग पाचपर्यंत पत्ते. त्यातल्या एक मावशी मुलाकडे बडोद्याला गेल्या, एक पुण्याला. उरल्या दोघी. दोघींत मेंढीकोट होत नाही. आजी पत्त्यांचा कॅट काढते, फेटते, आणि परत डब्यात ठेवते. मला ते बघवत नाही.

पण सराव करताना पुढे काय लिहायचं ते कुणीतरी सांगत असतं. कोरी फाइल उघडली की हात थांबतो. आत्ता तीन ठिकाणी अडलेय:

१. बावन्न चित्रं फोल्डरमध्ये टाकलीत आणि बावन्न 'इफ' लिहायला घेतलेत. अठराव्या पत्त्यावर कळलं की काहीतरी चुकतंय.

२. पत्ते फेटायला शफल्ड() लिहिलंय, तरी दर वेळी आजीच्या हातात तेराही इस्पिकच येतात.

३. फोन आडवा केला की चालू डाव जातो आणि नव्याने वाटप होतं.

कुणी वाट दाखवाल का?

जुना_कारागीर | सोमवार सकाळी ७:२५

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते एका ओळीचं आहे. शफल्ड() मूळ यादीला हात लावत नाही, फेटलेली नवी यादी परत देतं. ती तुम्ही कशात धरून ठेवली नसणार. मूळ कॅट दुकानातून आणल्यासारखा क्रमाने, त्याचे तेरा-तेराचे गठ्ठे केले की पहिल्या गठ्ठ्यात सगळे इस्पिक येणारच. एक तर ती नवी यादी नावात ठेवा, नाही तर बदलता येणारी यादी घेऊन तिच्यावर शफल() चालवा. शेवटच्या 'ड'चा फरक आहे.

आता पहिला प्रश्न. बावन्न 'इफ' पुसून टाका. पान म्हणजे दोन गोष्टी: रंग आणि किंमत. रंगाचा एक इनम (ठरावीक नावांची यादी), चार नावांचा. किंमत दोन ते चौदा, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा, एक्का चौदा. दोन्ही मिळून एक डेटा क्लास (माहिती एकत्र ठेवायचा साचा). दोन लूप एकात एक, की बावन्न पानं तयार. चित्राचं नाव त्या दोन गोष्टींवरूनच बनवायचं.

आणि एक विनंती. पुढचे आठ दिवस स्क्रीन उघडूच नका. एक वेगळी फाइल करा, तिच्यात अँड्रॉइडचं काहीही इम्पोर्ट नको. तिच्यात पुढचे सराव करा: कॅट छापा. चौघांना वाटा. चार पानं दिली की हात कुणाचा ते सांगा. तेरा पानांतली कोणती टाकता येतील ते सांगा. डावाचा हिशेब करा. एवढं झालं की मेंढीकोट झाला, उरलं ते रंगकाम.

कोरी फाइल बघून हात थांबतो म्हणालात, पण तुमचे जुने सराव एकदा या नजरेनं बघा. लेमोनेडमध्ये काय होतं? लिंबू तोडा, पिळा, प्या, रिकामा ग्लास. एका टप्प्यातून दुसऱ्यात. तुमचा डावही तसाच चालतो: वाटप, हुकूम, खेळ, हिशेब. डाइस रोलरमधून 'रँडम' आलं. अनस्क्रॅम्बलमधून गुण आणि व्ह्यूमॉडेल (स्क्रीनपासून वेगळी, खेळाची माहिती धरून ठेवायची जागा) आलं. म्हणजे सामान घरात आहे.

बडोद्याची_वहिनी | सोमवार दुपारी १:४०

मला प्रोग्रामिंगमधलं फार कळत नाही, पण मेंढीकोट कळतो म्हणून लिहिते. कोणता मेंढीकोट करताय ते आधी ठरवा हो. कट हुकूम की बंद हुकूम? आमच्याकडे माहेरी कट हुकूम, म्हणजे उतारीचा (हाताच्या पहिल्या पानाचा) रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग तो हुकूम. सासरी बंद हुकूम, वाटणाऱ्याच्या उजवीकडच्यानं एक पान पालथं ठेवायचं, त्याचा रंग तो हुकूम. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत यावरूनच माझा आणि नणंदेचा अर्धा तास वाद झाला होता.

शब्दांचंही बघा. इकडे गुजराथीत इस्पिकला काळी, बदामला लाल आणि किलवरला फुल्ली म्हणतात. काचुफुल नावाचा खेळ आहे, त्याचं नावच हुकुमाच्या क्रमावरून आलंय: काळी, चोकट, फुल्ली, लाल. आणि पत्ते फेटत नाहीत, चीपतात.

सुदामानगर | सोमवार रात्री १०:५०

शफल()चं जमलं!! आजीच्या हातात पहिल्यांदा चारही रंग आले. कारागीरकाका, स्क्रीन बंद केलीय, तुम्ही सांगितलं तसं.

वहिनी, आजीला विचारलं. कट हुकूम. दश्श्या तीन किंवा चार ज्यांच्याकडे, ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ते जिंकले. चारही दश्श्या आल्या तर मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात आले तर बावन्नपानी. मी वहीत लिहून घेत होते. आजी म्हणाली, "हे लिहायचं असतं होय? हे तर येतंच."

माझ्या मनात एक आलं, की ज्याला आपण 'येतंच' म्हणतो, नेमकं तेवढंच फोनला येत नाही.

लेख_कोडवाला | मंगळवार सकाळी ९:०५

फेटण्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण पत्त्याच्या अ‍ॅपचा जीव त्यात असतो.

पुष्कळ जण स्वतःचं फेटणं लिहितात: प्रत्येक जागा घ्या आणि बावन्नांपैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल करा. दिसायला अगदी बरोबर. पण तीनच पानं घेऊन कागदावर करून बघा. प्रत्येक वेळी तीन पर्याय, तीन वेळा, म्हणजे २७ वाटा. तीन पानांचे क्रम मात्र ६. सत्तावीसला सहाने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे सगळे क्रम सारख्या वेळा येणं शक्यच नाही. मोजलंत तर तीन क्रम पाच-पाच वेळा येतात आणि तीन चार-चार वेळा. खेळणाऱ्याला ते जाणवणार नाही, पण डाव खोटा झाला.

योग्य रीत अशी: शेवटच्या पानापासून सुरू करा. बावन्नांतलं एक उचला, शेवटी ठेवा. ते पक्कं झालं, त्याला परत हात नाही. मग उरलेल्या एक्कावन्नातलं एक. मग पन्नासातलं. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी ही रीत १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी दिली होती, आणि १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्डने ती संगणकाला सोयीची केली. तयार शफल() आतून हेच करतं, म्हणून तेच वापरा. पण एकदा हाताने लिहून बघा, दहा ओळींचा फार सुंदर सराव आहे. बावन्न पानांचे क्रम किती, तर आठावर सदुसष्ट शून्यं इतके. आजींच्या तीस वर्षांत एकही वाटप दुसऱ्यांदा आलं नसेल.

दुसरं, चाचणी करताना रँडमला ठरावीक बी (सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा) द्या, समजा ७. मग दर वेळी तेच वाटप येतं, आणि चूक सापडली की तोच डाव पुन्हा उभा करता येतो. अ‍ॅप द्यायच्या आधी तेवढं बी काढायला विसरू नका.

ग्वाल्हेरकर | मंगळवार रात्री ८:३०

तिसरा प्रश्न राहिलाच की.

फोन आडवा केला की अँड्रॉइड ती पूर्ण अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची चालू स्क्रीन) मोडून नवीन बांधतो. तुम्ही डाव कंपोजच्या साध्या रिमेंबरमध्ये ठेवला असणार, तो त्यासोबत जातो. रिमेंबर-सेव्हेबल हा एक उपाय, पण बावन्न पानं, चार हात, हुकूम, गुण एवढं सगळं त्यात कोंबू नका. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवा. फोन फिरवला तरी व्ह्यूमॉडेल टिकतं.

पण माझा अनुभव सांगतो. मी वडिलांसाठी बदामसात केलं होतं. व्ह्यूमॉडेल सगळं नीट. तरी बाबा म्हणायचे, "मधेच डाव जातो रे." मला माझ्या फोनवर कधी दिसलंच नाही. मग एक दिवस त्यांच्याजवळ बसून बघितलं. डाव चालू असताना काकांचा फोन आला, बाबा वीस मिनिटं बोलले, मग व्हॉट्सअ‍ॅप बघितलं, मग परत डावाकडे आले. त्यांचा फोन कमी मेमरीचा, तेवढ्यात सिस्टिमने मागे पडलेलं अ‍ॅप बंद करून टाकलं होतं. व्ह्यूमॉडेल फोन फिरवण्यातून वाचतं, यातून नाही. त्या रात्री प्रत्येक हात झाला की डाव फाइलमध्ये लिहायचा असं केलं. त्यानंतर बाबांची तक्रार नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी करताय ना? मग हे पहिल्या दिवसापासून धरा.

सुदामानगर | दुसऱ्या रविवारी, रात्री ११:३०

आठ दिवसांचा हिशेब देते.

कॅट, वाटप, 'कोणती पानं चालतील', 'हात कुणाचा', चारही झाले. हात कुणाचा यावर तीन रात्री गेल्या, मग काकांना मेसेज केला. त्यांनी सुचवलेलं इतकं सोपं निघालं: हुकमाचं पान असेल तर किमतीत शंभर मिळवा, उतारीच्या रंगाचं असेल तर किंमत तीच, दुसरं काही असेल तर शून्य. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, हात त्याचा. माझे अकरा 'इफ' होते, त्यांच्या जागी चार ओळी.

कट हुकुमासाठी कोटलिनचं एक चिन्ह कामी आलं. डाव सुरू होताना हुकूम नसतोच. मी आधी 'इस्पिक' धरून चालले होते, उगाच. आता रंगापुढे प्रश्नचिन्ह दिलंय, म्हणजे 'अजून ठरलेला नाही'. ज्या क्षणी कुणी पहिल्यांदा काटतं, त्या क्षणी तो भरतो. भरणं आधी आणि हात मोजणं नंतर, हे मात्र एकदा उलटं झालं होतं. काटलेलं पान त्याच हाताला हरत होतं.

आणि एक चूक सांगायलाच हवी. शेजारची मैत्रीण मदतीला बसली होती, ती हिंदीभाषक. रंगांची नावं तिने टाइप केली. हिंदीत इस्पिकला हुकुम म्हणतात. आपल्याकडे हुकूम म्हणजे डावातला वरचढ रंग. रोमनमध्ये दोघांचं स्पेलिंग एकच! इनममधला मोठ्या अक्षरांत, माझा छोट्या अक्षरांत. एका ठिकाणी छोट्याऐवजी मोठा टाइप झाला. दोन्ही 'रंग' याच प्रकारचे, त्यामुळे कंपायलर काही बोलला नाही. आणि डावात काय, तर बदाम हुकूम असला तरी हात इस्पिकच नेतंय. दोन संध्याकाळी शोधत होतो. शेवटी मैत्रिणीने वाचून दाखवलं, "जर हुकुम असेल तर शंभर", आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती इस्पिक म्हणत होती, मी हुकूम ऐकत होते. आता इनममध्ये इस्पिक, बदाम, चौकट, किलवर.

'पान'चंही तसंच होतं, हिंदीत पान म्हणजे बदाम. म्हणून क्लासचं नाव पत्ता ठेवलंय.

जुना_कारागीर | सोमवार सकाळी ७:१०

फार चांगलं काम केलंत. हे इथे लिहिलंत म्हणून आणखी चार जणांच्या दोन संध्याकाळी वाचतील.

आता याच फाइलवर चाचण्या लावा. जेयुनिटमध्ये (कोड तपासायचं साधन) हजार डाव आपोआप खेळवा, चारही खेळाडू चालेल ते कुठलंही पान टाकतील. प्रत्येक डावानंतर विचारा: बावन्नच पानं आहेत ना, एकही दुबार नाही ना, हातांची बेरीज तेरा ना, दश्श्यांची चार ना. एक जरी चुकलं तरी टेस्ट लाल होऊ द्या आणि त्या डावाचा बी क्रमांक छापा.

मग खेळाडूंना थोडी अक्कल द्या, एका वेळी एकच नियम. पहिला: हात भिडू नेतोय, मागे खेळायला कुणी उरलं नाही, आणि टाकता येईल अशी दश्शी आहे, तर दश्शी द्या. एवढ्याने खेळ ओळखीचा वाटायला लागतो.

पुणे_पेठ | सोमवार दुपारी ४:१५

चित्रांऐवजी युनिकोडमधले (अक्षरांसारखे टाइप करता येणारे) पत्ते वापरा असं सुचवणार होतो, पण त्यात एक खड्डा आहे, आधीच सांगतो. प्रत्येक रंगात तिथे तेरा नाही, चौदा पानं आहेत. गुलाम आणि राणीच्या मधे घोडेस्वाराचं पान आहे, युरोपातल्या जुन्या कॅटमधलं. एक्क्यापासून क्रमाने मोजत गेलात तर राणीच्या जागी घोडेस्वार आणि राजाच्या जागी राणी येईल. बाराव्या जागेवर एक ओलांडावी लागते.

सुदामानगर | गुरुवार रात्री ११:००

युनिकोडचं करून बघितलं (घोडेस्वार ओलांडला!). पण त्या आकारात आजीला इस्पिक की किलवर ते कळेना. म्हणून पांढरी चौकट, तिच्यात मोठा रंग आणि मोठं अक्षर असं स्वतः काढलं. अक्षरं आधी मराठीत ठेवली होती. राजाचा 'रा' आणि राणीचाही 'रा'. 'णी' करून बघितलं, आजीने ते पान तीनदा उलटसुलट बघितलं. शेवटी म्हणाली, "नेहमीचं काढ ना, के आणि क्यू." आजीला इंग्रजी वाचता येत नाही, पण पत्त्यावरचा के तिला राजाच वाटतो. छापील पत्त्यावर आहे तेच ठेवलं.

स्क्रीनवर तेरा पत्ते मावत नव्हते. हिशेब केला: बोटाने नीट दाबता यावं म्हणून गूगल ४८ डीपी (स्क्रीनवरचं अंतर मोजायचं एकक) रुंदी सांगतं, तेरा पत्त्यांना ६२४ लागतात, आणि आजीचा फोन उभा धरला की ३६०. एकावर एक सरकवले तर आजीचं बोट शेजारच्या पत्त्यावर पडतं. म्हणून दोन ओळी, सात आणि सहा. सात अठ्ठेचाळीस ३३६, बसतात.

आणखी एक. मी तेरा पत्ते एकदम वाटत होते. फेटणं खरं असेल तर त्याने काही फरक पडत नाही, हे मला कळतंय. पण आजीला ते वाटप वाटेना. आधी पाच, मग चार, मग चार, असे सरकत आले पाहिजेत. तसं केलं. पहिले पाच आले की ती थांबते, बघते, मग पुढचे.

लेख_कोडवाला | शुक्रवार सकाळी ९:४०

छान. बडोद्याच्या आणि पुण्याच्या मावशींना ऑनलाइन डावात जोडायचं असेल तेव्हा एक गोष्ट आत्तापासून ध्यानात ठेवा. वाटप सर्व्हरने करायचं आणि प्रत्येक फोनला फक्त त्याचेच तेरा पत्ते पाठवायचे. चारही हात सगळ्या फोनवर पाठवून 'दाखवत नाही' एवढ्यावर भागवू नका. जे फोनवर पोचलं ते उघडं झालंच. तुमच्या नियमांच्या फाइलमध्ये अँड्रॉइडचं काही नाही, त्यामुळे तीच सर्व्हरवर चढेल.

प्ले स्टोअरची घाई नको. खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. चौघींना एपीके फाइल (अ‍ॅप बसवायची फाइल) थेट दिलीत तरी पुरे. आणि पुढे कुणी पैसे लावायची सोय मागितली तर सरळ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना देशभर बंदी आहे. तसंही तुमच्या डावात पैशांचं काम नाही.

बडोद्याची_वहिनी | शनिवार दुपारी २:२०

गोष्ट वाचत होते आणि वाटलं, त्या मावशी आमच्याच सोसायटीत असतील तर? नाव इथे विचारत नाही. पण चाचणीला माणूस हवा असेल तर मी आणि सासूबाई तयार आहोत. सासूबाई दुपारी मोकळ्या असतात. फक्त त्यांना बंद हुकूम लागतो.

सुदामानगर | रविवार संध्याकाळी ७:४५

आज दुपारी दोन वाजता आजी पहिला पूर्ण डाव खेळली. भिडू आणि समोरचे दोघे फोनचेच.

सहाव्या हाताला तिच्याकडे चौकट नव्हती, तिने किलवरची तिर्री टाकली आणि मोठ्याने म्हणाली, "किलवर हुकूम!" फोनला ते ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, तरी म्हणाली. आणि फोनने किलवरच हुकूम धरला. नवव्या हाताला भिडूने तिच्या एक्क्यावर बदामाची दश्शी दिली. आजीने मान वर करून मला विचारलं, "हे तू शिकवलंस त्याला?" मी हो म्हटलं.

तीन दश्श्यांनी जिंकली. लगेच दुसरा डाव मागितला. चहा निवला.

एक दोष निघाला. हात जिंकला की चारही पत्ते लगेच नाहीसे होतात, तिला कुणी काय टाकलं ते बघायला वेळ मिळत नाही. वाड्यात हात उचलण्याआधी सगळ्या जणी एकदा बघून घ्यायच्या. आता पत्ते तसेच राहतील आणि आजीने बोट लावलं की उचलले जातील. कितीही वेळ.

वहिनी, बंद हुकूम मीही करणारच होते. पुण्याच्या मावशींनाही तोच आवडतो असं आजी म्हणाली. एक विचारायचं होतं: पालथं ठेवलेलं पान हुकूम उघडल्यावर परत त्याच माणसाच्या हातात जातं ना? आणि ज्याने हुकूम उघडायला सांगितला, त्याने त्याच हाताला हुकूमच टाकायला हवा, की दुसरं पान चालतं? सासूबाईंना विचारून सांगाल? आजीच्या दोन मैत्रिणींची दोन उत्तरं आलीत.

बडोद्याची_वहिनी | रविवार रात्री ९:१५

विचारलं. पान परत हातात जातं, हे नक्की. आणि सासूबाई म्हणतात, हुकूम उघडायला सांगितलास तर हातात असल्यास टाकलाच पाहिजे, नुसतं बघायला उघडायचा नाही.

पण माझी नणंद शेजारीच बसली होती, ती म्हणते असं काही नाही. आत्ता इथे पुन्हा सुरू झालंय.

सुदामानगर | रविवार रात्री ९:४०

मग सेटिंगमध्ये दोन्ही ठेवते, डाव सुरू करताना विचारेल. वहिनी, सासूबाईंच्या फोनवर अँड्रॉइड कोणतं आहे तेवढं कळवा, पुढच्या शनिवारपर्यंत फाइल पाठवते.